पन्हाळा जागतिक वारशात गेला, आता निधी कुठून येईल?

पन्हाळगडावर राहणाऱ्या एका शिक्षकांनी विचारले आहे: राधानगरी अभयारण्य २०१२ पासून आणि पन्हाळा जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मग युनेस्कोचा किंवा परदेशी सरकारांचा निधी आपल्या जिल्ह्यात दिसत का नाही? तो मिळवायचा असेल तर अर्ज कोणी आणि कोठे करायचा? गडावरच्या आमच्या मंडळाला थेट मदत मिळू शकेल का?

सर, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याबाबतच आहेत. जागतिक वारसा निधीतून मदत मागण्याचा अधिकार फक्त जागतिक वारसा करारात सामील असलेल्या राष्ट्राला आहे. मंडळ, नगरपरिषद, देवस्थान, इतकेच काय, राज्य सरकारसुद्धा थेट पॅरिसला, म्हणजे युनेस्कोच्या मुख्यालयाला, अर्ज करू शकत नाही. आपल्या देशात यासाठी दोन दारे आहेत. सांस्कृतिक स्थळांचा पत्रव्यवहार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते आणि नैसर्गिक स्थळांचा केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय पाहते. म्हणजे पन्हाळ्याची मागणी एका दाराने जाणार आणि राधानगरीची दुसऱ्या. दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्यात असली, तरी दिल्लीत त्यांच्या फाइली वेगवेगळ्या इमारतींत असतात, हे आधी लक्षात घेतले की पुढचा बराचसा गोंधळ टळतो.

मी संवर्धन वास्तुविशारद म्हणून कोल्हापुरातून सत्तावीस वर्षे काम करते आहे. या काळात देशी आणि परदेशी अशा दोन्ही प्रकारच्या निधीसाठी प्रस्ताव तयार करण्यात माझा हात होता. त्यांतले काही मंजूर झाले, बरेच परत आले. त्या अनुभवावरून सांगते की यादीतली नोंद आणि निधीची मंजुरी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीमागोमाग दुसरी आपोआप येत नाही.

लोकांच्या मनात आंतरराष्ट्रीय मदतीचे जे चित्र असते, ते बहुधा न्युबियाचे असते. इजिप्तमध्ये आस्वानचे उंच धरण बांधायचे ठरल्यावर नाईलकाठची प्राचीन मंदिरे पाण्याखाली जाणार होती. तेव्हा १९६० मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली. अबू सिंबेलची मंदिरे कापून, दगडांवर क्रमांक घालून, वर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. त्या संपूर्ण मोहिमेचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर झाला आणि त्याचा निम्मा भार सुमारे पन्नास देशांनी उचलला. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडीही त्या काळात न्युबियात अफयेह येथे उत्खननासाठी गेली होती. एका देशातला वारसा वाचवणे हे साऱ्या जगाचे काम आहे, ही कल्पना त्या मोहिमेने रुजवली आणि तिच्यातूनच पुढे १६ नोव्हेंबर १९७२ चा जागतिक वारसा करार आकाराला आला. भारत त्यात नोव्हेंबर १९७७ मध्ये सामील झाला. मात्र न्युबियाची मोहीम ही एका आणीबाणीसाठी काढलेली खास वर्गणी होती. करारातून जो कायमचा निधी निर्माण झाला, त्याचे स्वरूप फार वेगळे आहे.

कराराच्या पंधराव्या कलमाने जागतिक वारसा निधी स्थापन झाला आणि सोळाव्या कलमाने त्याची वर्गणी ठरवली. ही वर्गणी एखादे राष्ट्र युनेस्कोला जी नियमित वर्गणी देते, तिच्या एक टक्क्याहून जास्त असू शकत नाही. साऱ्या जगाची ती वर्गणी एकत्र केली तरी वर्षाला काही दशलक्ष डॉलरच होतात. त्यातला मोठा वाटा नव्या नामांकनांची आणि स्थळांच्या सद्यस्थितीची तपासणी करणाऱ्या सल्लागार संस्थांच्या कामावर खर्च होतो. उरलेल्या रकमेकडे डोळे लावून बसलेली स्थळे २०२५ च्या अधिवेशनाअखेर १,२४८ होती आणि ती १७० देशांत पसरलेली आहेत. त्यातही गरीब आणि सर्वांत कमी विकसित देशांना अग्रक्रम दिला जातो, आणि तो दिलाच पाहिजे असे मी मनापासून मानते. एखाद्या आफ्रिकी देशातल्या मातीच्या मशिदीला किंवा वणव्यात होरपळलेल्या जंगलाला ते पैसे जात असतील, तर आपण त्यात आपला वाटा मागण्याआधी थोडा विचार करावा.

प्रत्यक्ष मदतीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. मदत तीन प्रकारांत दिली जाते: आपत्कालीन, पूर्वतयारीसाठी आणि संवर्धन-व्यवस्थापनासाठी. ५,००० डॉलरपर्यंतची मागणी युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राच्या संचालकांच्या पातळीवर मंजूर होऊ शकते. संवर्धनासाठी ३०,००० डॉलरपर्यंत आणि आपत्कालीन कामासाठी ७५,००० डॉलरपर्यंतची मागणी जागतिक वारसा समितीचे अध्यक्ष मंजूर करतात. त्यापुढची मागणी पूर्ण समितीसमोर जाते. ५,००० डॉलर म्हणजे २०२५ च्या दराने सव्वाचार-साडेचार लाख रुपये आणि ३०,००० डॉलर म्हणजे पंचवीस-सव्वीस लाख. रायगडाच्या विकासासाठी राज्याने मंजूर केलेला आराखडा सुमारे ६०० कोटी रुपयांचा आहे. हे आकडे शेजारी ठेवले की पॅरिसहून येणाऱ्या पैशाने गड उभे राहणार नाहीत हे समजते. तो पैसा प्रशिक्षणाला, तज्ज्ञांच्या भेटीला, एखाद्या अभ्यासाला किंवा दरड कोसळल्यानंतरच्या पहिल्या आधाराला उपयोगी पडतो.

करारातले पंचविसावे कलम आपल्याकडे फार थोड्यांनी वाचले आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की सर्वसाधारणपणे कामाच्या खर्चाचा काही भागच आंतरराष्ट्रीय समुदाय उचलेल आणि ज्या राष्ट्राला मदत मिळते त्याचा स्वतःचा वाटा भरीव असला पाहिजे. चौथ्या कलमात तर वारशाच्या जतनाची पहिली जबाबदारी त्या त्या राष्ट्रावरच टाकली आहे. मला हे तत्त्व न्याय्य वाटते. ज्याच्या अंगणात वास्तू आहे, त्याने आधी हात घातला पाहिजे, मग शेजारी मदतीला येतात.

आता परदेशी सरकारांकडे वळते. युनेस्कोच्या सामाईक निधीपेक्षा एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेला पैसा नेहमीच मोठा राहिला आहे आणि महाराष्ट्रातले त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अजिंठा-वेरूळ. जपान सरकारच्या अर्थसाहाय्याने तिथला संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प दोन टप्प्यांत झाला. पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा आणि दुसऱ्याचा २००३ चा. रस्ते, पाणीपुरवठा, अभ्यागत केंद्रे, विमानतळाची सुधारणा, वनीकरण आणि लेण्यांचे जतन असे अनेक भाग त्यात होते. पण ते अनुदान नव्हते, ते सवलतीच्या व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज होते, जे येनमध्ये घेतले आणि फेडायचेही येनमध्येच. 'जपानने पैसे दिले' असे आपण सहज बोलतो, तेव्हा ही बाब निसटते. याउलट सांची आणि सातधारा येथील बौद्ध स्मारकांच्या जतनासाठी जपानने युनेस्कोकडे ठेवलेल्या विश्वस्त निधीतून आलेली मदत ही खरोखर मदत होती. जपानने हा विश्वस्त निधी १९८९ पासून चालवला आहे. प्रस्ताव वाचताना 'साहाय्य' या शब्दाखाली कर्ज आहे की अनुदान, हे पहिल्या पानावरच शोधावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

जर्मनीचे परराष्ट्र खाते १९८१ पासून जगभरच्या वारशाच्या जतनाला छोटी-मोठी अनुदाने देत आले आहे. त्याआधी, १९७४ पासून बारा वर्षे, नेपाळमधल्या भक्तपूर शहरात जर्मनीच्या मदतीने जे काम झाले, ते मला आजही आदर्श वाटते. तिथे मंदिरांच्या डागडुजीबरोबर गटारे, फरसबंदी आणि राहती घरेही हाती घेतली गेली. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडाला तोच धडा लागू पडतो. अमेरिकेच्या राजदूत निधीतून हैदराबादच्या कुतुबशाही संकुलातील तारामती आणि प्रेमामती यांच्या कबरींचे काम झाले. ब्रिटनने २०१६ मध्ये ३ कोटी पौंडांचा सांस्कृतिक संरक्षण निधी सुरू केला, पण त्याचा रोख प्रामुख्याने संघर्षग्रस्त भागांवर होता. फ्रान्स आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेला निधीही युद्धात सापडलेल्या वारशासाठीच आहे. यांतला कोणताही पैसा निव्वळ दयाबुद्धीने येत नाही. त्यामागे नाते असते, परराष्ट्र धोरण असते, कधी अपराधाची जाणीवही असते. जपानचे बौद्ध स्थळांशी नाते आहे म्हणून अजिंठा, म्हणून सांची. शिवाय सरकार बदलले की हात आखडतात. अमेरिकेने तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोतूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. अशा निधीच्या भरवशावर दहा वर्षांचे नियोजन करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रश्नात नाही, पण तिच्याशिवाय चित्र अपुरे राहील. आज भारत या क्षेत्रात घेणाऱ्यापेक्षा देणारा देश अधिक आहे. अफगाणिस्तानातील बामियानच्या बुद्धमूर्तींवर आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९ ते १९७७ या काळात काम केले होते. ते काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्या मूर्ती २००१ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या पाहाव्या लागल्या, हे आठवले की मन खिन्न होते. कंबोडियात अंगकोर वाट येथे १९८६ ते १९९३ या अत्यंत अस्थिर काळात आपली पथके होती. त्या वेळच्या दगड स्वच्छ करण्याच्या काही पद्धतींवर नंतर टीका झाली. त्यानंतर ता प्रोम येथे काम करताना मंदिरावर वाढलेले प्रचंड वृक्ष आणि वास्तू दोन्ही राखण्यासाठी वनसंशोधकांना सोबत घेतले गेले, हा त्या टीकेनंतरचा मोठा पल्ला होता. लाओसमध्ये वाट फू, म्यानमारमध्ये बागानचे आनंद मंदिर, व्हिएतनाममध्ये मी सॉन ही सगळी कामे भारत सरकारच्या खर्चाने झाली. मी सॉनला २०२० मध्ये काम चालू असताना नवव्या शतकातले एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले, ती बातमी आपल्याकडेही अनेकांनी वाचली असेल. २०१५ च्या भूकंपानंतर भारताने नेपाळला जाहीर केलेल्या मदतीतले ५ कोटी डॉलर केवळ सांस्कृतिक वारशासाठी राखून ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले, तेव्हा भारताने युनेस्कोच्या वारसा केंद्राला १० लाख डॉलर देण्याची घोषणा केली. असा देश जेव्हा आपल्या एका गडासाठी ३०,००० डॉलर मागायला जाईल, तेव्हा समोरचा पहिला प्रश्न काय विचारील, याचा अंदाज आपण करू शकता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बाहेरचा पैसा, मग तो युनेस्कोचा असो, जपानचा असो की जर्मनीचा, प्रकल्पाला येतो. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो, फलक असतो, उद्घाटन असते. दर वर्षीच्या देखभालीला मात्र बाहेरचे कोणीही पैसे देत नाही. आणि तटबंदी जगते ती दर वर्षीच्या देखभालीवर.

आपल्याला हे शब्दांत सांगण्यापेक्षा एक तुकडा जवळून दाखवते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका जुन्या तटाच्या पाहणीला मी गेले होते. जांभ्याच्या आणि काळ्या दगडाच्या बांधकामाचा तो साधारण पंचवीस-तीस मीटरचा भाग. माथ्यावरचा चुन्याचा थर ठिकठिकाणी उडालेला होता. त्या फटीत पिंपळाचे रोप होते, खोड माझ्या अंगठ्याएवढे. वरून पाहिले तर हाताने उपटावे असे वाटावे. पण खाली दोन थर उतरून पाहिले, तेव्हा त्याचे मूळ दगडांच्या सांध्यांतून मनगटाएवढे जाड होऊन आडवे पसरले होते आणि एक दगड बोटभर पुढे आला होता. त्याच तटाच्या दर्शनी बाजूला त्याआधी कोणीतरी सिमेंटने सांधे भरले होते. काम नीटनेटके, रेघा सरळ, छायाचित्रात सुंदर दिसणारे. पण जुना तट भरावाचा असतो. पावसाचे पाणी माथ्यातून आत मुरते आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर झिरपते. सिमेंटने ती वाट बंद केली. आषाढ-श्रावणात पाणी आत कोंडले, भरावाची माती फुगली आणि भिंतीला पोट आले. मी ओळंबा लावून पाहिले तेव्हा मधला भाग पायथ्यापेक्षा वीतभर पुढे होता. पुढच्या पावसाळ्यात तो भाग ढासळला. ज्या यंत्रणेने सिमेंट भरले होते, तिच्याकडे त्या वर्षी दुरुस्तीला पैसे होते, पण त्याआधीची कित्येक वर्षे रोपे काढायला आणि माथा चुन्याने बंद करायला पैसे नव्हते.

या कामाला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. मे महिन्यात पाच-सहा माणसे, एक जाणता गवंडी, मुळांवर उपचार करण्याचे साहित्य आणि नीट भिजवलेला चुना पुरतो. कळीचा चुना भिजवून कित्येक दिवस मुरू द्यावा लागतो, वाळू आणि विटेची सुरखी घालून घाणीत, म्हणजे चुना मळण्याच्या दगडी चाकाच्या घाण्यात, मळावा लागतो. आपल्याकडचे जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरडा आणि बेलफळाचा गर घालत आले आहेत. गूळ तर कोल्हापूरचा घरचाच. मात्र घाणीचा चुना हाताळणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि त्यांची मुले सेंट्रिंगच्या कामाला जातात. आंतरराष्ट्रीय निधीतून पन्हाळ्यासाठी एकच गोष्ट मागायची झाली, तर मी चुन्याच्या कामाचे प्रशिक्षण मागेन. त्यासाठी ३०,००० डॉलरची मर्यादा पुरेशी आहे, प्रशिक्षण हा विषय त्या निधीच्या उद्देशात बसतो आणि त्याचा उपयोग पन्हाळ्याबरोबर बाराही किल्ल्यांना, अगदी तामिळनाडूतल्या जिंजीलाही होईल. 'भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने ११ जुलै २०२५ रोजी झालेली नोंद एका गडाची नाही, बारा किल्ल्यांची मिळून एक आहे. म्हणून मागणीही एकत्र केली तर तिला वजन येईल. त्यांतले आठ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आणि चार राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे दोन्ही खात्यांना एका टेबलाशी बसवणे हे पहिले काम.

राधानगरीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो माझा मुख्य विषय नाही. पश्चिम घाटाची नोंद २०१२ मध्ये झाली, त्यात चार राज्यांतले ३९ भाग आहेत आणि महाराष्ट्रातले चार: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. दाजीपूरच्या गव्यांसाठी १९५८ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचा खर्च मुख्यतः राज्याच्या वनखात्याच्या तरतुदीतून आणि केंद्राच्या वन्यजीव अधिवास विकास योजनेतून चालतो. निसर्गाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय पैसा थोडा अधिक लवचीक आहे. फ्रान्सची विकास संस्था, जागतिक पर्यावरण सुविधा, जपान सरकार, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांचा सहभाग असलेल्या एका भागीदारी निधीने २००८ ते २०१५ या काळात पश्चिम घाटातल्या संस्थांना छोटी-मोठी अनुदाने दिली आणि सह्याद्री-कोकण पट्टा त्याच्या अग्रक्रमाच्या भागांत होता. ती अनुदाने सरकारला नव्हे, संस्था आणि संशोधकांना मिळाली. तामिळनाडूने मात्र २०११ मध्ये जैवविविधतेसाठी जपानचे कर्ज घेतले. देवराया, पठारांवरची फुले, बेडूक, गव्यांचे मार्ग यांवर काम करणाऱ्या आपल्या भागातल्या तरुणांनी अशा अनुदानांवर लक्ष ठेवावे, असे मी आवर्जून सुचवते.

पण येथे कायद्याची एक अडचण येते. परदेशातून, मग ते परदेशी सरकारकडून का असेना, पैसे स्वीकारायचे तर संस्थेची २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो, एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था अनुदान घेई आणि गावातल्या मंडळाला त्यातला वाटा देई. ती वाट आता बंद आहे. आपल्या मंडळाकडे ही नोंदणी नसेल आणि त्यामागचा हिशेब सांभाळणारा जाणकार माणूस नसेल, तर परदेशी निधीचा विचार आज बाजूला ठेवावा हेच हिताचे.

याउलट देशातले जे मार्ग आहेत, ते आपण पुरेसे वापरत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गड, किल्ले, मंदिरे आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याने केली आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत एखादी कंपनी किंवा व्यक्ती ठरावीक स्मारकासाठी देणगी देऊ शकते आणि तिला आयकरात सवलत मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचे आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचे जतन हा विषय सामाजिक दायित्वाच्या खर्चात बसवलेला आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कारखान्यांना हा खर्च करणे बंधनकारक आहे, त्यांपैकी कितींना हे कोणी समजावून सांगितले आहे? देखभालीला पैसा मिळाला तर तो इथूनच मिळेल, कारण स्थानिक देणगीदाराला दर वर्षी गडावर नेऊन काम दाखवता येते.

गडावरच्या रहिवाशांच्या मनातली धास्तीही मला माहीत आहे. जागतिक वारशाच्या नोंदीने कोणतेही नवे बांधकाम-बंधन आपोआप लागू झालेले नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ही तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनेच आली होती. बदलले आहे ते एवढेच की आता दर सहा वर्षांनी राष्ट्राला स्थळाच्या स्थितीचा अहवाल द्यावा लागेल आणि काही बिघडले तर समिती खुलासा मागू शकेल. हंपीजवळच्या पुलाच्या बांधकामामुळे हंपी १९९९ पासून २००६ पर्यंत धोक्यातील वारशाच्या यादीत होती, हे आपल्याला आठवत असेल. ही देखरेख मला ओझे वाटत नाही. खात्याकडे देखभालीची तरतूद मागताना आपल्या हातातले ते सर्वांत चांगले साधन आहे.

मी सहभागी असलेला एक प्रस्ताव कसा परत आला, ते सांगून प्रत्यक्ष कामाकडे वळते. एका परदेशी निधीसाठी आम्ही एका जुन्या बारवेचा प्रस्ताव पाठवला होता. इतिहास तपशीलवार होता, छायाचित्रे उत्तम होती, अंदाजपत्रक काटेकोर होते. तपासणाऱ्याने तीनच गोष्टी विचारल्या: जागेच्या मालकीचा कागद, मोजणी केलेले आराखडे आणि मागच्या पाच वर्षांत देखभालीवर झालेल्या खर्चाची नोंद. पहिल्यासाठी आम्हाला सातबाऱ्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या, दुसरे घाईघाईने केले आणि तिसरे आमच्याकडे नव्हतेच, कारण तसा खर्च कोणी केलाच नव्हता. प्रस्ताव परत आला आणि तो परत येणे रास्त होते. पुढच्या पावसाळ्यात त्या बारवेच्या कमानीचा एक दगड निखळला.

म्हणून आपल्या मंडळाने निधीच्या अर्जाऐवजी नोंदीपासून सुरुवात करावी. एक महत्त्वाची सूचना आधी: संरक्षित तटावर स्वतःहून झुडूप उपटणे, खणणे, रंग लावणे किंवा दगड हलवणे कायद्याने गुन्हा आहे आणि तंत्राच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. पाहायला, टिपायला आणि छायाचित्र काढायला मात्र हरकत नसते. तटबंदीचे वाटेवरून दिसणारे भाग पाडावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात व ऑक्टोबरात, त्याच जागी उभे राहून त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे. सोबत एका कागदावर लिहावे: झाडोरा कोठे, ओल कोठे, पोट कोठे, सांधे चुन्याचे की सिमेंटचे, मागच्या वेळेपेक्षा काय बदलले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा रस्ता खचला, तेव्हा त्याआधी तिथे भेगा होत्या का, या प्रश्नावर प्रत्येकाने आठवणीतून उत्तर दिले, कागदावर काही नव्हते. आपल्या शाळेतली आठवी-नववीची मुले हे काम उत्तम करतील. तीन वर्षांच्या अशा सहा फेऱ्या झाल्या की तो कागद पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडल कार्यालयाला, जिल्हा नियोजन समितीला आणि कारखान्यांना एकाच वेळी देता येतो. तीच नोंद पुढे दिल्लीमार्गे पॅरिसला जाणाऱ्या मागणीला जोडता येते. त्या मागण्यांची वार्षिक मुदत ३१ ऑक्टोबर असते आणि मसुदा त्याआधी दोन महिने तपासायला दिलेला बरा असतो, म्हणजे खात्याशी बोलणी उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवीत.

नोंदीचा नमुना तक्ता मी मराठीत तयार करून ठेवला आहे. शाळा सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास, ऊन चढण्याच्या आत, आपण मुलांना घेऊन गडाच्या 'तीन दरवाजा' या प्रवेशद्वारापाशी यावे. पहिल्या दहा भागांची नोंद आपण सर्व मिळून करू.